मेणाची नाडी

यल्लव्वाचा रिपोर्ट आला त्या दिवशी बाबासो शिंगे सकाळी अकरापर्यंत मशीनवर होता. कोल्हापुरात गंगावेशीच्या कोपऱ्यावर त्याचं शिवणकामाचं दुकान. शाहूवाडीच्या बाजूच्या बायकांचे परकर द्यायचे होते. साडेअकराला त्याने मशीनवर फडकं टाकलं, सिद्धार्थनगरातल्या घरी जाऊन यल्लव्वाला घेतलं आणि दोघं सरकारी दवाखान्यात गेली. साल दोन हजार, फेब्रुवारी महिना.

डॉक्टर बाई होती म्हणूनच यल्लव्वा तिथवर आली होती. कमरेवरची जखम पुरुष डॉक्टरला दाखवायची नाही, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टर सौंदर्या गडहिंग्लजकडची, लिंगायतांची मुलगी. यल्लव्वा शिरोळकडची, त्यामुळे दोघी अधूनमधून कानडीत बोलायच्या. त्या दिवशी मात्र डॉक्टर मराठीतच बोलली, बाबासोला कळावं म्हणून.

"कातडीचा कॅन्सर आहे. जांघेत गाठ लागते ना, म्हणजे तिथपर्यंत गेलाय. ऑपरेशन करू, पण उशीर झालाय. ही जखम कधीपासून आहे?"

यल्लव्वा पडद्याआड लुगडं नीट करत होती. प्रश्न बाबासोकडे आला.

"म्हाईत न्हाय बाई," बाबासो म्हणाला. "ती कवा बोललीच न्हाय."

यल्लव्वा पडद्यामागून बाहेर आली. तिने नवऱ्याकडे बघितलं. पदर खांद्यावर घेतला आणि स्टुलावर बसली.

डॉक्टरने टेबलावर ठेवलेली नाडी उचलली. तपासताना ती यल्लव्वाच्या परकरातून ओढून काढली होती. तिने ती दोन बोटांत धरून ताणून बघितली. "केवढी बारीक आहे ही! तारेसारखी. आणि तुम्ही कळशी कमरेवरच घेता ना, डाव्या बाजूला? रोज तिथंच घासलं असणार, वर्षानुवर्षं. कुठून आणता असली नाडी?"

"घरचीच हाय," यल्लव्वा म्हणाली.

बाबासो खाली बघत होता. ती नाडी त्याने केली होती. नुसती शिवली नव्हती, त्याने ती शोधून काढली होती.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. रोपलावणीच्या दिवसांत शाहूवाडीकडच्या बायका दुकानात येऊन रडगाणं गायच्या. दिवसभर चिखलात वाकून काम, साधी सुती नाडी भिजून फुगते, गाठ सुटते नाहीतर अशी आवळून बसते की घरी जाऊन कात्रीने कापावी लागते. बाबासोने त्यावर डोकं चालवलं. इचलकरंजीचं चांगलं सूत आणलं. भिंतीत एक खुंटी मारली, तिला आठ पदर अडकवले आणि सुताराच्या हातड्रिलने त्याला पीळ दिला. मग मेणाचा गोळा घेऊन वरून खालून घासला. झाली नाडी. गव्हाच्या काडीएवढी जाड, पाणी पीत नाही, बांधली की सरकत नाही आणि एका झटक्यात सुटते. पहिल्या दहा परकरांत ती घातली आणि पुढच्या हंगामात बायका नाव काढत आल्या. "बाबासोची मेणाची नाडी द्या." चंदगडहून बायका यायच्या. काजू गोळा करायला डोंगर चढणाऱ्या, चार चार एसटी बदलून येणाऱ्या. शिरोळकडून ऊस तोडणाऱ्या. त्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणायच्या, "पावणं, लुगडं फाटलं पण तुमची नाडी तुटली न्हाय बगा." बाबासोला शाळा फार झाली नव्हती. आयुष्यात त्याने स्वतःच्या डोक्याने काढलेली ही एकच वस्तू. तो ती बोटावर गुंडाळून लोकांना दाखवायचा.

सगळ्यात पहिली मेणाची नाडी यल्लव्वाने बांधली. नंतरची सगळी वर्षंही तिने तीच बांधली.

बायकांच्या कमरेला नाडीचा वळ असतोच. काळा पट्टा, थोडा खरबरीत. त्याला कोणी आजार म्हणत नाही. यल्लव्वाचा वळ आधी काळा झाला, मग डाव्या बाजूला पांढरट पडला, मग तिथे खाज सुटायला लागली. अठ्ठ्याण्णव साली तिने पहिल्यांदा विषय काढला. दुकानातच. ती जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"अवो, मला एक परकर रुंद पट्टीचा शिवा की. दोन बोटांची कापडी पट्टी लावा. ही नाडी काचती."

बाबासो हसला. गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला, "बगा की! सगळा जिल्हा माझी नाडी मागतोय आन् घरच्या लक्ष्मीला ती काचती. बाबासोची बायकूच बाबासोची नाडी घालंना म्हटल्यावर लोकांनी काय करायचं?"

गिऱ्हाइकं हसली. यल्लव्वाही थोडी हसली. डबा ठेवला आणि गेली.

दुसऱ्यांदा तिने घरी सांगितलं, तीनचार महिन्यांनी. तेव्हा बाबासो म्हणाला, "बघू, लगीनसराई झाली की शिवतो." लगीनसराई झाली. तो विसरला असं त्याने नंतर स्वतःला सांगून बघितलं. पण तो विसरला नव्हता. त्याला ते शिवायचं नव्हतं. सिद्धार्थनगरातल्या नळावर दहा बायका असतात. त्यांच्यासमोर यल्लव्वाने पट्टीचा परकर वाळत घातला तर ती गोष्ट दुकानापर्यंत यायला दुपार लागली नसती.

तिसऱ्यांदा यल्लव्वाने विचारलं नाही. तिने जुन्या धोतराच्या चिंध्या फाडल्या, घड्या केल्या आणि नाडी आणि कातडीच्या मध्ये सारायला लागली. त्या धुऊन ती न्हाणीमागच्या तारेवर वाळत घालायची, बाकीच्या कपड्यांच्या आड. बाबासोने त्या बघितल्या होत्या. एकदा नव्हे, पुष्कळदा. धुऊनसुद्धा मधोमध पिवळा डाग राहायचा, कधी तांबूस. तो तारेवरून आपला सदरा काढून घ्यायचा आणि चिंध्या तिथेच राहायच्या. दीड वर्ष हे चाललं.

आणि डॉक्टरसमोर तो म्हणाला, ती कवा बोललीच न्हाय.

ऑपरेशन झालं. कमरेची आणि जांघेची मिळून मोठी जखम, ती कशीबशी भरली. मग मिरजेला विजेचे शेक. यल्लव्वा त्यानंतर सव्वा वर्ष जगली. त्या सव्वा वर्षात तिने एकदाही त्याला बोल लावला नाही. तो तिच्यासाठी रुंद पट्टीचे चार परकर शिवून घेऊन गेला तेव्हा तिने ते हातात घेऊन बघितले, पट्टीवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "शिवण झ्याक हाय."

शेवटच्या आठवड्यात ती त्याला म्हणाली, "त्या बायास्नी सांगा."

"कुणास्नी?"

"नाडी नेत्यात त्यास्नी. किती जणींनी न्हेली असंल. त्यास्नी सांगा, रुंद पट्टी लावा म्हणून. कशापायी ते बी सांगा."

"सांगतो," बाबासो म्हणाला.

"कशापायी ते बी," ती परत म्हणाली.

"व्हय म्हटलं की."

दोन हजार एकच्या मे महिन्यात ती गेली. विहारातली माणसं आली, बुद्धवंदना झाली, लोक बसले, उठले. बाबासोने भिंतीतली खुंटी उपटली. परकर शिवणं बंद केलं. शाळांचे गणवेश शिवायला घेतले. मेणाच्या नाडीचे अकरा डझन परकर दुकानात तयार पडले होते, ते त्याने पत्र्याच्या ट्रंकेत टाकले आणि कुलूप लावलं. बायका यायच्या, विचारायच्या. तो म्हणायचा, "आता परकर शिवत न्हाय."

"का वो, पावणं?"

"मेण चांगलं मिळंना झालंय."

हे उत्तर त्याने इतक्या वेळा दिलं की तोंडाला वळण पडलं. बायका पुढच्या दुकानात जायच्या. पुढच्या दुकानात पिराजी नावाचा शिंपी होता. त्यानेही एव्हाना भिंतीत खुंटी मारली होती. त्याच्या पलीकडच्यानेही. नाडीचं नाव अजून बाबासोचंच होतं.

बाबासोची मुलगी निशा. एकुलती एक. आई आजारी पडली तेव्हा ती कोल्हापुरातच विद्यापीठात शिकत होती, नंतर पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. विषय तिने मुद्दाम निवडला होता. कातडी कशी घडते आणि कशी बिघडते. ती घरी आली की आईच्या फोटोसमोर बसायची आणि दरवेळी एकदा तरी म्हणायची, "का लपवलं असेल हिनं?" बाबासो तेव्हा काहीतरी कामाला उठायचा.

दोन हजार चारच्या मे महिन्यात ती आली ती पुण्याहून एक लाकडी पेटी घेऊन. त्यात काचेच्या पट्ट्या होत्या. "आबा, चला, तुम्हाला माझं काम दाखवते," म्हणाली आणि त्याला विद्यापीठात घेऊन गेली. सुट्टी होती. तिच्या जुन्या सरांनी किल्ली दिली होती. तिने मायक्रोस्कोपखाली काच लावली आणि बाबासोला स्टुलावर बसवलं.

"एक डोळा मिटा. दिसतंय?"

"जांभळं जांभळं दिसतंय."

"हे चाक हळू फिरवा. आता?"

आता दिसलं. बारीक बारीक ठिपक्यांच्या रांगा. खाली एक रांग अगदी दाट, एकाला एक चिकटून. वर थर. सगळ्यात वर सुटलेले पापुद्रे.

"उंदराच्या पिल्लाची कातडी आहे, जन्मायच्या आधीची," निशा म्हणाली. "माणसाची थोडीफार अशीच. आईच्या पोटात सुरुवातीला कातडी एकाच पदराची असते, आबा. मग त्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला लागतात. तू वाढ, तू थांब, तू वर सरक, तू केस हो, तू घामाचं छिद्र हो. त्या निरोपावर सगळी कातडी घडते."

बाबासोने डोळा काढला नाही. "म्हंजे बेतणारा कोण न्हाय?"

"कोण नाही."

"कापडच कापडाला सांगतंय, हितं मुडप, हितं थांब?"

निशा हसली. "व्हय. असंच. निरोप एकदम आत जात नाही. पेशीच्या बाहेर एकजण दार वाजवतो. आतला ते ऐकून दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत पेशीच्या गाभ्यापर्यंत हुकूम जातो. ह्या साखळ्याच मी शिकते. कुठला निरोप कुणी दिला आणि कुणी ऐकला."

"आन् जन्मल्यावर?"

"जन्मल्यावर बरेचसे गप्प होतात. खालची ती दाट रांग आहे ना, ती जन्मभर नवीन पेशी करत राहते, पण बेताने. जितक्या झडतात तितक्याच. पण जखम झाली की पोटातले ते जुने निरोप परत जागे होतात. वाढा, वाढा, भोक बुजवा. जखम भरली की दुसरा निरोप येतो, थांबा."

बाबासोने विचारलं, "आन् जखम भरूच दिली न्हाय तर?"

"तर 'वाढा' चालूच राहतं. वर्षानुवर्षं. पेशी इतक्या वेळा दुभंगतात की नक्कल करताना कुठंतरी चूक होते. एखाद्या पेशीचं 'थांब' ऐकणारं दारच मोडतं. तिला कुणी कितीही सांगितलं तरी ऐकू येत नाही. तिच्या पुढच्या सगळ्या तशाच. ज्या निरोपांनी कातडी घडली त्यांच्यावरच कॅन्सर जगतो, आबा. नवीन काही नसतं त्यात."

तिने दुसरी काच लावली. त्यात रांगा नव्हत्या. ठिपक्यांचे पुंजके खालचा थर फोडून भलतीकडे घुसलेले होते, धागा तुटल्यावर मशीन तसंच चालत राहिलं की कापडाखाली गोळा होतो तसे. बाबासोने फार वेळ बघितलं.

"आईच्या कमरेला हेच झालं," निशा म्हणाली. आणि मग तिला वाटलं असावं की बापाला धीर द्यावा, म्हणून म्हणाली, "नुसत्या नाडीने होत नाही. हजारो बायकांच्या कमरेला वळ असतो, सगळ्यांना थोडाच होतो? नशिबाचाही भाग असतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिनं वेळेवर सांगितलं असतं तर रुपयाएवढा तुकडा काढून भागलं असतं. रुंद पट्टी लावून जखम भरू दिली असती तर कदाचित तेही लागलं नसतं. पण ती बोललीच नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत दोघंच होती, पंखा चालू होता, मुलगी समोर उभी होती. जखमेला रोज 'वाढ' म्हणून कोण सांगत होतं ते बाबासोला आता नीट कळलं होतं. नाडी एक, आणि नाडी सोडायला नको म्हणणारा दुसरा. तो मायक्रोस्कोपवरून उठला.

"चांगलं काम हाय तुझं," म्हणाला. "चल, ऊन व्हायच्या आत जाऊ."

पुढच्या वर्षी जुलैच्या शेवटी शिरोळ पाण्याखाली गेलं. कृष्णा आणि पंचगंगा दोन्हीकडून चढल्या. यल्लव्वाची थोरली बहीण बाळाबाई, जिला घरात सगळे आक्का म्हणायचे, ती कुरुंदवाडजवळच्या गावात राहायची. चार दिवस तिचा काही पत्ता नव्हता. मग निरोप आला की ती जयसिंगपूरच्या एका शाळेत आहे, छावणीत. निशा पुण्याहून निघाली, रस्ता मोकळा झाल्यावर दोन दिवसांनी घरी पोचली. विहारात कपडे गोळा करणं चाललं होतं. कार्यकर्ते दुकानात आले. "बाबासो, चादरी लई झाल्या, बायकांस्नी आतले कपडे कोण देत न्हाय. परकर हायत का?"

बाबासोने ट्रंकेचं कुलूप काढलं.

अकरा डझन परकर. त्याने दोन दिवस दुकान बंद ठेवलं आणि एकेका परकराची नाडी ओढून काढली. नेफे उसवले, रुंद केले, दोन बोटांची मऊ कापडी पट्टी बेतून ओवली. निशा मदतीला बसली. "हे बरं केलं, आबा," म्हणाली. काढलेल्या नाड्यांचा ढीग पोत्यात भरला. ते पोतं त्याने दुकानातच ठेवलं.

छावणीत शाळेच्या व्हरांड्यात बायका रांगेने बसल्या होत्या. बाबासो गठ्ठा सोडून परकर वाटायला लागला. पहिल्याच बाईने पट्टी हातात धरून ओढून बघितली.

"हे काय वो? लंगोट बांधायचा व्हय हेनं?"

बायका हसल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा हसल्या असतील. दुसरी म्हणाली, "गंगावेशीचं बाबासो न्हवं का हे? अवो, तुमची मेणाची नाडी कुटं हाय?"

"म्हातारं झालं गं ते, पीळ घालायचं इसरलं!"

"पीळ गेला सगळा!"

परत हशा. बाबासोही हसल्यासारखं करून म्हणाला, "मेण मिळंना झालंय, आक्का." ती आक्का त्याची मेहुणी नव्हती, कोणीतरी परकी बाई होती. पण तिच्या पलीकडे खांबाला टेकून मेहुणी बसली होती. बाळाबाई. पुराने तिचं घर नेलं होतं, दोन म्हशी नेल्या होत्या. तिने हाक मारली.

"पावणं, मला नगं तुमची पट्टी. माझ्याकडं हाय की जुनीच." तिने पदर बाजूला करून कमरेचं टोक दाखवलं. काळी पडलेली, पण शाबूत मेणाची नाडी. "बारा वर्सं झाली. घर गेलं, म्हसरं गेली, नाडी सुटली न्हाय बगा."

असं म्हणता म्हणता तिने डाव्या हाताने लुगड्यावरूनच कमर खाजवली. तिचं लक्षही नव्हतं. बोटं आपोआप तिथे गेली, दोनदा घासली आणि परत मांडीवर आली. यल्लव्वा अशीच खाजवायची. हीच बाजू.

बाबासोच्या हातात दहाबारा परकर होते. ते त्याने खाली ठेवले.

"मेण मिळतंय," तो म्हणाला. आवाज चढला होता, कारण व्हरांडा लांब होता आणि त्याला वाटलं की हळू बोललं तर परत बोलता येणार नाही. "मेण पायजे तेवडं मिळतंय. मी खोटं बोलतोय. ती नाडी बांधू नगासा. माझी यल्लव्वा त्या नाडीनं गेली."

हसणं थांबलं. कोणीतरी मागून विचारलं, "म्हंजे वो?"

मग त्याने सांगितलं. जसं जमेल तसं. नाडी एकाच जागी घासते, जखम होते. कातडी जखम भरायला बघते, आपण रोज सकाळी उठून ती परत घासतो. कातडी भरत राहते, भरत राहते, आणि एक दिवस तिला थांबायचं ऐकू येत नाही. "तिच्या कमरेला आधी पांढरं पडलं, मग खाज, मग जखम. कुणाला तसं असंल तर लपवू नगासा. डॉक्टरीण बाई असत्यात, त्यास्नी दाखवा. वळ सगळ्यास्नीच असतोय, त्याला भ्यायचं न्हाय. जखम भरत नसली तर मात्र दाखवा."

एक बाई हळूच म्हणाली, "चिमणाबाई, तुज्या कमरंला ते..." आणि चिमणाबाई नावाची पोक्त बाई म्हणाली, "गप की गं." पण तिने पदर ओढून घेतला.

बाळाबाई खांबाला धरून उठली. बाबासोच्या समोर येऊन उभी राहिली.

"माज्या बहिणीला ठाऊक हुतं, नाडीनं हुतंय म्हून?"

"तिला काचत हुती."

"तुला सांगिटलंतं तिनं?" आतापर्यंत ती त्याला अहो-जाहो करत होती.

बाबासो म्हणाला, "व्हय. दोनदा. पट्टी लाव म्हणाली. मी लावली न्हाय. लोक काय म्हणतील म्हणून. चिंध्या लावायची ती, डाग पडलेल्या. मी बघितल्यात."

निशा मागे वर्गाच्या दारात उभी होती. तिच्या हातात औषधाचा खोका होता. कधीपासून उभी होती ते त्याला कळलं नाही. दोघांची नजर एकदा मिळाली. मग ती बाळाबाईजवळ गेली, चिमणाबाईला हाताला धरलं आणि म्हणाली, "ज्यांच्या कमरेला दुखतंय, खाजतंय, त्या माझ्याबरोबर आत या. दार लावून घेते." सात-आठ जणी उठल्या.

अर्ध्या तासाने बाळाबाई बाहेर आली. तिने नवीन परकर नेसला होता. जुनी नाडी गुंडाळून तिच्या मुठीत होती. ती बाबासोच्या तळहातावर ठेवली.

"धर," म्हणाली.

परत येताना टेम्पोत निशा आणि तो मागे बसले होते, रिकाम्या गठ्ठ्यांवर. हातकणंगले मागे पडल्यावर निशा म्हणाली, "चार वर्षं मी आईला बोल लावत होते. फोटोसमोर बसून. तुम्ही ऐकत होता."

"व्हय."

"मी मायक्रोस्कोपजवळ तुम्हाला तेच म्हटलं. की ती बोलली नाही."

"व्हय."

ती बाहेर बघत राहिली. उसाच्या शेतांवर गाळ बसला होता. घरी पोचल्यावर तिने आईच्या फोटोवरची धूळ पदराने पुसली, स्वयंपाक केला, त्याला वाढलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली.

त्यालाही आता दोन वर्षं होतील. बाळाबाईची नुसती कातडी जाड झाली होती, पट्टी लावल्यावर खाज गेली. चिमणाबाईच्या कमरेचा मात्र तुकडा काढून तपासावा लागला. डॉक्टर सौंदर्याने सांगितलं, सुरुवात होती, निघालं सगळं. त्याच दिवशी बाबासोने डॉक्टरला सांगितलं की यल्लव्वा बोलली होती. डॉक्टरने मान हलवली. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं मन हळवं झालंय. एवढ्या पेशंटांत 'जखम कधीपासून' असं आपण तेव्हा विचारलं होतं हे तिला आठवतही नव्हतं.

शाहूवाडीकडच्या सहा गावांत बाबासो जाऊन आला. रोपलावणीच्या आधी, बायका घरी असताना. कोणी ऐकून घेतलं, कोणी म्हणालं, "पावणं, तुमचा धंदा बसला म्हणून दुसऱ्याच्या नाडीला नावं ठेवता व्हय?" त्याने प्रत्येक ठिकाणी यल्लव्वाचं नाव घेऊन सांगितलं. कशापायी तेही सांगितलं. गंगावेशीत पिराजीला सांगितलं तेव्हा पिराजी म्हणाला, "बाबासो, तू बंद केलीस, मी बंद केली, तर तिसरा करंल. बाया मागत्यात." त्याच्या भिंतीतली खुंटी अजून तिथेच आहे. तो बाबासोसमोर ड्रिल फिरवत नाही, एवढंच.

निशा महिन्याला फोन करते. तब्येत विचारते, जेवलात का विचारते, कामाचं थोडं सांगते. आईचं नाव तिने त्या टेम्पोनंतर काढलेलं नाही. बाबासोनेही काढलेलं नाही.

चंदगडच्या बायकांनी सगळ्यात जास्त नाडी नेली होती. तिकडे तो अजून गेलेला नाही.